मुका मार

आई, तुमच्या मुलाला मी घरी आणणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना उगीच आशेवर राहायला नको. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्याशी बोलायला लागले की माझा आवाज आपोआप चढतो आणि मूठ वळते. आज त्या मुठीत पेन आहे, नशीब समजा.

काय झालं ते नीट सांगते. त्याला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, हात लुळा पडलाय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अर्धं कळतं अर्धं नाही. घरात एकटाच होता, शेजाऱ्यांनी अँब्युलन्स बोलावली. आम्ही वेगळे राहतो हे खरं, पण कागदोपत्री कधी सुटलो नाही. त्याला इथल्या महाराष्ट्र मंडळात चर्चा नको होती आणि मी पडले चर्चच्या ओट्यावर वाढलेली पोर, घटस्फोट म्हणजे आमच्यात पाप. तेव्हा हॉस्पिटलच्या लेखी त्याची बायको मीच. नेक्स्ट ऑफ किन, सगळ्यात जवळची नातलग. आता ते त्याला डिस्चार्ज देणार. गळ्यात पट्टा लटकवलेली एक सोशल वर्कर मुलगी, माझ्या लेकीपेक्षा लहान, समोर बसून लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, केअर होम आहेच, खर्चाचं कौन्सिल बघेल, पण त्यांना घरी जायचंय, तुमच्याकडे, आणि तुम्ही तर नर्सच होतात. होते ना! जन्मभर परक्यांची ढुंगणं धुतली, आता हेच एक राहिलंय.

मंडळातल्या बायकांनी तर फोन करून कान किटवले. तुमच्याबरोबर हळदीकुंकवाला पुढे पुढे करायच्या त्या बाई आठवतात? त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन दारात हजर. म्हणाल्या, "अगं, शेवटी नवराच ना तो? आणि आता काय करणार आहे तुला? हात तरी उचलता येतो का त्याला?" म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं तिळगूळ घ्यायला यायच्या, माझ्या गालाकडे बघून "गोड बोला" म्हणायच्या, आणि सगळ्या सटव्यांना सगळं माहीत होतं. खिचडी ठेवून घेतली, त्यांना वाटेला लावलं. खिचडी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

लेक एडिनबराहून फोन करते. "मम, मी तुला काय सांगत नाही, तू ठरव," म्हणते, आणि मग इतका वेळ गप्प बसते की तिला काय सांगायचंय ते मला कळतं. बाप आहे तिचा. तिला त्याने कधी मारलं नाही. का मारलं नाही, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. उद्या त्या पट्टेवाल्या मुलीला उत्तर द्यायचंय. तिला 'नाही' म्हणणं सोपं आहे, मंडळाला तर फारच सोपं आहे. जड जातंय ते तुम्हाला सांगायला.

हे मी मराठीत लिहितेय कारण माझं मराठी तुमचंच आहे. मी पश्चिम आयर्लंडमधल्या एका चिमुकल्या, सदा ओल्या गावातली. साउथहॅम्प्टनला नर्सिंगसाठी आले आणि तुमच्या मुलाच्या प्रेमात पडले. खरं प्रेम हो, त्यात काही खोट नव्हती. तो कॅंटीनमध्ये संत्रं सोलायचा आणि अख्खी साल एकसंध उतरवून माझ्यासमोर पुन्हा गोल करून ठेवायचा, आत काही नाही, नुसती साल, आणि मी हसून हसून बेजार. लग्नाला माझे वडील आले नाहीत, सावळ्या माणसाशी लग्न करणारी मुलगी त्यांना मेलेली होती. तुम्हीही आला नाहीत, तुम्हाला गोऱ्या सुनेचं तोंड बघायचं नव्हतं. फिट्टंफाट झाली. मग सासरे गेले आणि तुम्ही आमच्या दारात उतरलात, सुती पातळावर लेकाचा ओव्हरकोट, आणि बॅगेत लोखंडी खलबत्ता. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, मला मराठी. तो सर्जन, दिवसभर हॉस्पिटलमध्ये, आणि आपण दोघी एका ओट्याशी. तुम्ही वस्तू उचलून नाव सांगायचात आणि माझं चुकलं की लाटणं बोटांवर. सांडशी. फट. उलथनं. फट. पुढे नातीला बाराखडी शिकवायला बसलात, ती बागेत पळून गेली आणि मी शिकले. म्हणून तर माझ्या तोंडात अजून 'मेल्या' आणि 'मुडदा बसवला' आहे. पुण्याहून आलेली नवी कॉम्प्युटरवाली पोरं मला म्हणतात, आंटी, तुम्ही सेम आमच्या आजीसारखं बोलता.

पण पहिला मार बसला तेव्हा मला सांडशीच्या पुढे काही येत नव्हतं. तुम्हाला येऊन जेमतेम महिना झाला होता. मी पुन्हा वॉर्डवर जायचं ठरवलं होतं, त्याला न विचारता, आणि संध्याकाळी तो घरात शिरल्या शिरल्या मी आनंदाने सांगितलं. त्याने बॅग खाली ठेवली, कोट नीट खुंटीला लावला, आणि मग वळून मला मारलं. थप्पड नव्हे, बुक्की, गालाच्या हाडावर. मी फ्रिजवर आपटले, तर केसांना धरून सरळ केलं आणि पुन्हा त्याच जागी. सर्जनचा हात, नेम कसा चुकेल! मी खाली फरशीवर, कान नुसता वाजतोय, आणि मला दिसतंय काय तर तुमच्या टाचा. तुम्ही तव्याशी उभ्या आहात. पोळी जळल्याचा वास येतोय. तुम्ही गॅस बंद केलात आणि त्याला दोन शब्द बोललात, तो वर निघून गेला. नंतर कळलं, तुम्ही म्हणाला होतात, "अंघोळ कर."

मग तुम्ही मला स्टुलावर बसवलंत. सहाणेवर आंबेहळद उगाळलीत, पळीत कोमट केलीत आणि माझ्या गालावर लावलीत. किती हलक्या हाताने, आई! ज्या हाताने लाटणं मारायचात तोच हात. एका हाताने हनुवटी धरलेली, दुसऱ्याने लेप, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं चाललेलं. मला वाटलं मंत्र असेल. तुम्ही म्हणत होतात, "मुका मार आहे. उतरेल गं, उतरेल." माझा चेहरा असा दोन हातांत त्याआधी कुणीच धरला नव्हता. माझ्या सख्ख्या आईने, मॅमीनेसुद्धा नाही. मी रडले ती माराने नाही, त्या धरण्याने रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोलीस. शेजारच्या म्हातारीने भिंतीतून ऐकलं होतं. एक पोरगेलासा पोलीस, टोपी काखेत, कुणाकडे बघावं तेही त्याला कळेना. मी तोंड धुतलं होतं पण हळद कसली जाते! सगळा गाल पिवळा. तुमचा मुलगा दाराशी येऊन हसतमुखाने म्हणाला, ही मागच्या आठवड्यात जिन्यावरून पडली, बघा ना, मार आता पिवळा पडत आलाय. मी नर्स. मला ठाऊक होतं की ताजा मार लाल असतो, निळा असतो, आणि पिवळा पडायला दिवस जावे लागतात. त्या पोलिसालाही तेवढंच ठाऊक होतं. मी म्हणाले, ही हळद आहे, काल रात्रीची. टर्मरिक. तो बिचारा गोंधळला, आणि तुमचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे जुन्या दुखण्यावर लावतात. मग तो तुमच्याकडे वळला आणि मराठीत काहीतरी विचारलं. तुम्ही पदर खांद्यावर ओढून घेतलात, पोलिसाकडे बघून मान हलवलीत आणि चार शब्द बोललात. पोलीस गेला. मला वाटलं, म्हातारी घाबरलीय बिचारी. मला तुमची कीव आली, आई! गाल माझा सुजलेला, आणि कीव मला तुमची.

पुढे नात चालायला लागली. एकदा बागेत धपकन आपटली आणि तुम्ही तिला उचलून म्हणालात, "पडली हो, पडली माझी बाय." मी कपडे वाळत घालत होते. हातातला चिमटा तसाच राहिला. तोच आवाज, तोच शब्द. दारात पोलीस उभा असताना त्याने विचारलं होतं, "आई, ही पडली ना गेल्या आठवड्यात?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "हो. पडली हो जिन्यावरून." तुम्ही मला सांडशीपासून भाषा शिकवलीत आणि एक दिवस तिनेच मला तुमची साक्ष ऐकवली. त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि जन्मातलं पहिलं अख्खं, बिनचूक मराठी वाक्य बोलले. "आई, मी पडले नव्हते." तुम्ही कणीक मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला त्याचा अर्थही माहीत नव्हता. अर्थ तुम्हीच समजावलात, शांतपणे, घरातलं घरात राहावं म्हणून. मी कणकेची परात उचलून भिंतीवर फेकली. प्लास्टर उडालं. तुम्ही गोळा उचललात, खालची माती लागलेली बाजू कापून टाकलीत आणि उरलेला पुन्हा मळायला घेतलात.

एवढं एक सांगा मला. आंबेहळद कशासाठी लावलीत? सूज उतरायला, की रंगासाठी? हे कितीदा माझ्या ओठांशी आलं आणि मी विचारायचं टाळलं. सूज उतरली, ती खरीच उतरली. पण तुम्ही काही भोळ्या नव्हतात. तुम्ही स्वतः जन्मभर मार खाल्लेला होता, कुठला रंग कधी चढतो ते तुम्हाला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं.

तुमची पाठ मी पाहिली आहे. गुडघे धरले म्हणून मी तुम्हाला अंघोळ घालायला लागले तेव्हा. कमरेच्या वर उलथन्याचा डाग, कातडी चमकदार, आकारसुद्धा अजून तसाच. आमचे सासरे, शाळेतले मोठे गुरुजी, ज्यांच्या फोटोला तुम्ही रोज हार घालायचात! मी विचारलं तर म्हणालात, "पुरुषाचा हात असतोच गं. घरोघरी मातीच्या चुली." आमच्या चुली वेगळ्या नव्हत्या, आई. माझे वडील पट्टा काढायचे, बक्कल हाताच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. माझ्या भावाच्या डोक्यावर एका जागी केस उगवतच नाहीत. आणि मॅमी दुसऱ्या खोलीत जपमाळेचा आवाज वाढवायची. आत पट्टा जितका जोरात, तितकी बाहेर मेरीमाता जोरात. मी समुद्र ओलांडून आले ती त्या आवाजातून सुटायला. आणि आले कुठे, तर तुमच्या टाचांसमोर.

एकदा मी पोरीला घेऊन निघाले होते, माहीत आहे ना? बॅग भरलेली, आयर्लंडच्या बोटीचं तिकीट पर्समध्ये. तुम्ही दारात आडव्या आलात आणि माझ्या कानशिलात वाजवलीत. "कुठे जाशील? बापाकडे? तो आरती ओवाळणार आहे तुझी?" मी उलट तुम्हाला ढकललं, तुम्ही खुंटीवर आपटलात, कोट तुमच्या अंगावर पडले. दोघी जमिनीवर बसून एकमेकींना शिव्या देत होतो, तुम्ही मराठीत, मी माझ्या गावाच्या भाषेत, आणि मग तुम्हाला हसू फुटलं. कोटांच्या ढिगात बसून तुम्ही हसताय, पुढचा दात नाही, डोळ्यांतून पाणी. मीही हसले. बॅग पुन्हा सोडली. त्या रात्री तुम्ही माझ्यासाठी पुरण घातलंत. बटाट्याशिवाय काही न कळणाऱ्या बाईला पुरणपोळीवर तुपाची धार धरून "खा मेले" म्हणालात.

आणि मग तो शनिवार. लेक आठ वर्षांची. त्याचे कुठल्याशा भाषणाचे कागद टेबलावर होते, तिचा दुधाचा पेला कलंडला. त्याने तिला वेणीला धरून खुर्चीतून उचललं. पाय अधांतरी. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. त्याने दुसरा हात मागे नेला. मी ओट्यापासून धावले, पण तुम्ही माझ्या आधी पोचलात. गुडघे धरलेली म्हातारी! लसणीची चटणी कुटत होतात, तोच बत्ता हातात, आणि तुम्ही तो वरून खाली आणलात, त्याच्या उचललेल्या हातावर, मनगटाच्या जरा वर. हाडाचा आवाज मी वॉर्डवर ऐकला आहे, पण स्वयंपाकघरात तो वेगळा येतो. चटणी उडून त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली, मला आधी रक्तच वाटलं. तो "आई गं!" म्हणून गुडघ्यावर आला. आणि तुम्ही त्याच्यावर वाकून म्हणालात, "नातीला हात लावशील तर दुसराही मोडीन. हात झडो तुझे."

मी पोरीला छातीशी धरून उभी. अंगावर काटा आला, अभिमान वाटला, तुमच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, आई, त्याच श्वासात, तो बत्ता हिसकून तुमच्या डोक्यात घालावासा वाटला. म्हणजे तुम्हाला येत होतं! इतकी वर्षं तुमच्या हातात जोर होता. एकदा वरून खाली आणायचा अवकाश, की तो गुडघ्यावर आला असता. माझी बरगडी मोडली तेव्हा तुम्ही शेक दिलात. माझा कान फुटला तेव्हा लसणीचं तेल घातलंत. लेप, शेक, तेल, काढा, सगळं केलंत हो, माझ्या आईने केलं नसतं इतकं केलंत. फक्त मध्ये पडला नाहीत. नात तुमचं रक्त होती. मी कोण? परक्याची पोर, वर गोरी.

हॉस्पिटलच्या अपघात विभागात, ए अँड ईमध्ये, आपण तिघं बसलो होतो. डॉक्टर त्याच्या ओळखीचा निघाला. विचारलं, कसं झालं? तुमचा मुलगा म्हणाला, जिन्यावरून पडलो. डॉक्टरने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही, माझी आई, तुम्ही मान हलवलीत. मला इतकं हसू आलं की मी बाहेर जाऊन व्हेंडिंग मशीनला लाथा घातल्या. प्लास्टर होतं तोवर तुम्ही त्याला हाताने घास भरवलेत, मऊ भात, वर मेतकूट. तो तुमच्या हातचं जेवत होता आणि तुमच्याकडे मांजरासारखा बघत होता. पोरीला त्याने पुन्हा बोट लावलं नाही. मलाही तुमच्यासमोर कधी मारलं नाही. गॅरेजमध्ये मारायचा, गाडीत मारायचा. तुम्हाला ते माहीत होतं, कारण गॅरेजमधून मी आत आले की आंबेहळद उगाळून तयार असायची.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी नोकरी कमी केली आणि तुमचं सगळं केलं. तुमच्या मुलाला तर तुमच्या खोलीत पाच मिनिटं बसवत नव्हतं, वास येतो म्हणायचा. मी तुम्हाला कुशीवर वळवायचे, पाठीच्या त्या डागाला पावडर लावायचे, आणि आपण दोघी मंडळातल्या बायकांची यथेच्छ निंदा करायचो. माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते ते, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. एका दुपारी मी भात भरवत होते. तुम्ही तोंड मिटून घेतलंत, माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "मी गेले की तू नीघ. जा आता. थांबू नकोस."

तुम्हाला वाटलं असेल तो आशीर्वाद होता. मी तोंड पुसलं, वाटी घेऊन बाहेर आले आणि ती सिंकमध्ये फोडली. जा आता! आता, तुमची उष्टी काढून झाल्यावर! म्हणजे 'जा' हा शब्द तुमच्याकडे होता. कोटांच्या ढिगात होता, परात फेकली तेव्हा होता, आणि तुम्ही तो दाबून ठेवलात, कारण मी गेले असते तर त्या घरात तुम्ही त्याच्याबरोबर एकट्या राहिल्या असतात. तुम्हालाही भीती वाटत होती, नाही का? बापासारखाच मुलगा, त्याच्याबरोबर एकटं राहायची. आडात तेच, पोहऱ्यात तेच. हे मला कळतं. कळतं म्हणून माफ केलं असं नाही.

तेराव्याचा स्वयंपाक मी एकटीने केला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी निघाले. पोरगी तोवर कॉलेजात होती. आता माझी दोन खोल्यांची जागा आहे, खिडकीतून बंदराकडची गल्ली दिसते, मोठी बोट सुटली की काच हलते. दाराला आतून कडी आहे, ती मी स्वतः बसवली. एक माणूस येतो अधूनमधून, बस चालवायचा, आता रिटायर झालाय, बायको गेलीय. लग्न करू म्हणतो. मी म्हणते, चहा पी आणि आपल्या घरी जा. तो चहा पितो आणि आपल्या घरी जातो. इतका साधा पुरुष देवाने बनवला होता हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं, कपाळ माझं.

आज दुपारी वॉर्डवर गेले होते. तुमच्या मुलाला दही भरवत होते, नर्सेस कामात होत्या म्हणून. तो नीट खात होता. अर्धं खाल्लं आणि काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. तर त्याने डाव्या हाताने, चांगल्या हाताने, माझं मनगट धरलं आणि पिरगळलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणायचात ना, तेच हे. दही सांडलं. त्याच्या डोळ्यात तीच ती जुनी शांत नजर, कोट खुंटीला लावताना असायची ती. पण हातात आता जोर कसला! मी सहज सोडवून घेतलं. उलट त्याचंच मनगट माझ्या हातात आलं. हाडं चिमणीसारखी. मला ते गादीवर दाबून धरता आलं, आणि मी धरलं. तो धडपडला. मी आणखी दाबलं. पडदा ओढलेला होता. माझा दुसरा हात वर गेला होता, आई, मला तो वर गेलेला नंतर दिसला. आणि मला काय वाटत होतं सांगू? बरं वाटत होतं. उन्हात बसल्यासारखं बरं. त्याच्या डोळ्यात भीती आली आणि मला ती गोड लागली. बाहेर जेवणाची ट्रॉली खडखडली म्हणून मी हात खाली घेतला. दही पुसलं, त्याची कॉलर नीट केली, बाहेर आले. पेशंटवर कधी हात न उचललेली माझी नोकरीतली सगळी वर्षं जिन्यावरून माझ्या मागे खाली उतरत होती.

म्हणून आणणार नाही. सूड म्हणून नाही, भीती म्हणून तर नाहीच, त्याला आता कोण भितो! त्याला माझ्या घरी आणलं, दाराला आतून कडी लावली, तर मी त्याला मारीन. एकदा नाही, रोज मारीन. आणि मग मी तो गाल स्वच्छ पुसून, त्यावर काहीतरी लावून, आलेल्या नर्सला सांगेन की पडला. सगळं मला येतं. तुमच्यापाशीच शिकले.

घरी येऊन लेकीला फोन केला आणि तिला हेच सांगितलं, काही न लपवता, पडद्यासकट. मग इंग्रजी सोडून ती तिच्या त्या मोडक्या मराठीत बोलली, जे ती फक्त तुमच्याशी बोलायची. "मग नको, मम. मग नको आण बाबाला. तू नको त्याच्यासारखा होऊ." मी म्हणाले, नाही होणार. ती म्हणाली, "मला त्या दिवशी आजीने वाचवला. तुला कोणी नाही वाचवला. मला माहीत होतं, मम. मी लहान होता पण मला माहीत होतं." मी फोन ठेवला. तिच्या तोंडून मला हे ऐकायचं नव्हतं. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

हे पत्र कुठे पाठवू? आळंदीला तुमच्या अस्थी ज्या पाण्यात सोडल्या तिथे पोस्टमन जात नाही. फाडूनही टाकणार नाही, राहील इथेच कुठेतरी. सगळे मला विचारतात, ती पट्टेवाली मुलगीसुद्धा विचारून गेली, इतकी वर्षं का राहिलीस? पोरीसाठी, मी सांगते. खरं तेही नाही. मी तुमच्यासाठी राहिले. कुणीतरी माझा चेहरा दोन हातांत धरावा म्हणून मी मार खाल्ला. आणि आई, एकदा, एकदाच जरी तुम्ही त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या असतात ना, तर माझे हात पाठीशी बांधून घेतले असते, पण तुमच्या मुलाला मी आज घरी आणलं असतं.